साइड कुणी द्यायची? ऑनलाइन शर्यतीतल्या एका नियमाची चिकित्सा



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या तयारीत आहात. काहींचं नेट झालंय आणि आता ‘विषय कोणता घेऊ?’ यावर गाडी अडली आहे. विषय मोठा असावा, नाव ऐकूनच समोरच्याने मान डोलवावी, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून आज मुद्दाम फालतू वाटेल असा विषय घेतो. कॉम्प्युटरवरच्या कार शर्यतीत हळू गाडीला वेगवान गाडीने कसं ओलांडायचं, आणि त्या वेळी हळू गाडीवाल्याने काय करायचं? या एका प्रश्नावर लोक पानंच्या पानं नियम लिहितात. ते नियम वाचून मला जे खटकलं ते इथे मांडतो. संशोधनातलं ‘साहित्याचा आढावा’ प्रकरण म्हणजे तरी काय? दुसऱ्याने लिहिलेलं नीट वाचणं आणि ते कुठे गळतंय ते बघणं.

आधी थोडी ओळख. लांब पल्ल्याच्या शर्यतींत एकाच ट्रॅकवर दोन-तीन वर्गांच्या गाड्या एकदम पळतात. ‘प्रोटोटाइप’ फक्त शर्यतीसाठी बनवलेली असते, वजनाला हलकी आणि वळणात जमिनीला चिकटून राहणारी. ‘जीटी’ गाड्या शोरूममधल्या गाड्यांच्या चुलत बहिणी. प्रत्येक वर्गाचा निकाल वेगळा लागतो. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत हे याचं सगळ्यात जुनं आणि मोठं उदाहरण. २०२० मध्ये कोरोनामुळे ती जूनमधून पुढे ढकलली, तेव्हा त्याच जूनच्या १३ आणि १४ तारखेला तिची आभासी आवृत्ती झाली. ५० गाड्या होत्या, दोन वर्ग होते, आणि खऱ्या शर्यतींतले नावाजलेले ड्रायव्हर आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसले होते. मी या खेळाकडे वळलो तो तेव्हाच.

आता माझी गोष्ट. दिवाळीला घरी, इंझोरीला होतो. सहा तासांची टीम शर्यत होती आणि माझ्याकडे सगळ्यात हळू वर्गातली गाडी. लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडूनच बसलो होतो. चौथ्या तासात एका लांब सरळ पट्ट्यावर आरशात प्रोटोटाइप दिसली. पुढे उजवं वळण होतं. उजव्या वळणाआधी गाडी डाव्या कडेला घेतात, कारण वळण तिथूनच सगळ्यात वेगाने जातं. यालाच रेसिंग लाइन म्हणतात. मी त्या डाव्या कडेला होतो. मनात आलं, हा बिचारा आघाडीवर आहे, याला चांगली वाट देऊ. म्हणून मी उजवीकडे सरकलो. त्याने उजवीकडूनच घुसायचं आधी ठरवलं होतं. धडक झाली आणि त्याची गाडी भिंतीत गेली. त्याच्या टीममधल्या तिघांची चार तासांची मेहनत माझ्या सौजन्यामुळे मातीत गेली.

त्याने चॅटमध्ये काय लिहिलं ते इथे देत नाही. मी ‘सॉरी’ लिहिलं आणि रात्री दोन वाजता नियम वाचत बसलो. नियम माझ्या बाजूने होते! जवळपास सगळीकडे एकच वाक्य सापडलं: सुरक्षित ओलांडण्याची जबाबदारी वेगवान गाडीची, हळू गाडीने आपल्या लाइनवर राहावं. पहिला अर्धा भाग वाचून मला बरं वाटलं. दुसरा अर्धा वाचल्यावर बरं वाटणं बंद झालं.

दोन दिवसांनी बाबांना सांगितलं. बाबा पिकअप चालवतात. सोयाबीन, तूर कारंजाच्या बाजार समितीत नेतात, कधी भाडं मिळालं तर कारंजावरून समृद्धीला लागून नागपूरपर्यंत. खेळात त्यांना काडीचा रस नाही, पण हे त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “माह्याबी असंच झालं होतं. राती मागून लाइट आला, मी त्याले साइड द्याले डावीकून घेतली, अन् तो बी डावीकूनच निघत होता. थोडक्यात वाचलो.” ही गोष्ट त्यांनी तोवर घरात कुणालाच सांगितली नव्हती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विषय तिथेच थांबला.

त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्यापुरता खेळाचा राहिला नाही.

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. कारला कमाल वेग ताशी १२० किलोमीटर, मालवाहू गाड्यांना ८०. म्हणजे कायद्यानेच दोन वर्ग झाले की नाही? फरक ४०, सेकंदाला ११ मीटर. आरशात २०० मीटर मागे दिसणारा दिवा तुमच्यापाशी पोचायला १८ सेकंद लागतात. भरपूर वेळ आहे, असं वाटतं. पण तीच कार १२० वर असेल आणि पुढची गाडी उभी असेल, तर तेच २०० मीटर ६ सेकंदांत संपतात. रात्रीच्या अंधारात पुढचा लाल दिवा ८० ने चाललाय, ४० ने चाललाय की उभा आहे, हे लांबून कळत नाही. १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ याच रस्त्यावर एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. त्या अपघाताला माझ्या शर्यतीशी जोडायचा मोह मी टाळतो. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात, आणि एक उदाहरण घेऊन सिद्धांत मांडणं ही आपण विद्यार्थ्यांनी सोडायची पहिली सवय आहे. मुद्दा एवढाच की वेगातला फरक ही गंमत नाही.

आता नियमाकडे येऊ. पहिला आक्षेप शब्दावरच आहे. याला सगळे ‘शिष्टाचार’ म्हणतात. शिष्टाचार म्हटलं की आपल्याला आठवतं ते वडीलधाऱ्यांसाठी उठून जागा देणं, ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करणं. पण अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं आठवा. दोघंही सज्जन, दोघंही एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला. इथे अडचण उद्धटपणाची नाहीच, समोरचा काय करणार याचा अंदाज नसणं ही खरी अडचण आहे. थॉमस शेलिंग यांनी १९६० च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ मध्ये आणि डेव्हिड लुईस यांनी १९६९ च्या ‘कन्व्हेन्शन’ मध्ये हाच प्रश्न हाताळला: एकमेकांशी न बोलता दोन माणसं एकाच उत्तरावर कशी पोचतात? त्यात भलेपणा फारसा कामाचा नसतो. दोघांना आधीपासून माहीत असलेला एक संकेत लागतो. मी केलेलं काम सभ्य होतं आणि चुकीचंही होतं, ते यामुळे. नियमावल्या मात्र ‘एकमेकांचा आदर करा’ आणि ‘लाइन बदलू नका’ ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी लिहितात, जणू ती एकच आहेत. माझ्यासारखा नवखा माणूस पहिलं वाक्य पाळायला जातो आणि दुसरं मोडतो.

गोंधळात भर घालतो तो निळा झेंडा. टीव्हीवर फॉर्म्युला वन बघून आलेल्याला माहीत असतं की निळा झेंडा म्हणजे मागच्याला पहिल्या संधीला वाट द्यायची, नाही दिली तर दंड. तिथे ते बरोबर आहे. सगळ्या गाड्या एकाच वर्गाच्या, आणि ज्याला एक फेरी मागे टाकलंय त्याने पुढच्यांच्या लढाईत लुडबुड का करावी? वेगवेगळ्या वर्गांच्या शर्यतीत मात्र हळू गाडीवाला स्वतःच्या वर्गात पहिल्या नंबरसाठी झुंजत असू शकतो. तो मागे पडलेला नसतो, त्याची शर्यतच वेगळी असते. म्हणून आयरेसिंगसारख्या खेळांत निळा झेंडा प्रामुख्याने माहिती देतो: मागून कुणीतरी येतंय. एकाच रंगाचा झेंडा एका ठिकाणी हुकूम आणि दुसऱ्या ठिकाणी खबर. आपल्या रस्त्यावरही हेच आहे. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर दाखवतो. एकाच्या मते त्याचा अर्थ ‘ये, रस्ता मोकळा आहे’, दुसऱ्याच्या मते ‘थांब, मी उजवीकडे जातोय’. मागून डिपर मारणं म्हणजे शर्यतीत ‘मी इथे आहे’. कारंजा रोडवर त्याचा अर्थ सरळ ‘हट’ असा होतो. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही पाटी तरी काय होती? हळू गाडीने वेगवान गाडीला घातलेली अट: यायचं तर सांगून ये. २०१५ मध्ये परिवहन खात्याने ध्वनिप्रदूषणाच्या कारणाने राज्यात ती पाटी लिहायला बंदी केली. कारण पटण्यासारखं आहे. पण ती पाटी एक संकेत होती, आणि तिच्या जागी दुसरा काही आला नाही, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. नियम लिहिणारे एका ओलांडणीचा विचार करतात. आपण किती वेळा ओलांडतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही. कागद-पेन घ्या, अवघड नाही. वेगवान गाडीची एक फेरी १०० सेकंदांची आणि हळू गाडीची ११२ सेकंदांची समजा. मग तीच वेगवान गाडी त्याच हळू गाडीला पुन्हा कधी गाठेल? १०० गुणिले ११२ भागिले १२, म्हणजे सुमारे ९३३ सेकंद, साडेपंधरा मिनिटं. सहा तासांत २३ वेळा. हळू गाड्या २० असतील तर एका वेगवान गाडीला साडेचारशेपेक्षा जास्त वेळा कुणाला तरी ओलांडावं लागतं, दर ४७ सेकंदांना एकदा. आता हळू गाडीत बसा. वेगवान गाड्या १० असतील तर तुम्हाला सुमारे २३० वेळा ओलांडलं जाईल, दर दीड मिनिटाला एकदा. तुमची एक फेरीसुद्धा शांततेत जात नाही.

पुढे आणखी एक गृहीतक घेऊ. पाचशेपैकी एक ओलांडणी बिघडते असं समजा. हा आकडा मी केवळ हिशेबासाठी घेतोय, मोजलेला नाही. पाचशेत एक म्हणजे माणूस सावधच म्हणायचा. तरीही एका वेगवान गाडीला सहा तासांत निदान एक धडक बसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास निघते. तेच प्रमाण पाच हजारांत एक झालं तर शक्यता ९ टक्क्यांवर येते. शहाण्यांच्या लक्षात आलं असेल की इथे मी प्रत्येक ओलांडणी स्वतंत्र धरली. ती तशी नसते. पाचव्या तासाला थकलेला माणूस पहिल्या तासातला नसतो, आणि एकदा ठोकर बसलेली गाडी पुढे नीट चालत नाही. व्हायवात कुणी विचारण्याआधी आपणच हे सांगून टाकलेलं बरं. तरी हिशेबातून एक गोष्ट दिसते. ‘सावध राहा’ हा सल्ला इथे पुरत नाही, कारण साडेचारशे वेळा सावध राहणं कुणालाच जमत नाही. नियम असा हवा की डोकं थकलेलं असतानाही हात आपोआप बरोबर चालला पाहिजे.

म्हणूनच ‘जबाबदारी वेगवान गाडीची’ हे वाक्य मला मुळात पटतं. त्याच्या डोळ्यांसमोर सगळं आहे, हळू गाडीवाल्याकडे फक्त आरसा. घरगुती सेटअपवर तर एकच स्क्रीन, बाजूचं काही दिसत नाही. गाडी शेजारी आली की कानात आवाज येतो तेवढाच. बाबांच्या पिकअपमध्ये मागे पोती रचली की मधल्या आरशात फक्त पोती. ज्याला कमी दिसतं त्याने कमी हालचाल करावी, यात तर्क आहे. आपल्या वाहतूक नियमांनीही जुन्या काळापासून हेच म्हटलंय: कुणी ओलांडत असताना आपला वेग वाढवू नये, त्याला अडवू नये. म्हणजे हळू गाडीवर काही न करण्याची जबाबदारी आहे, बाजूला उडी मारण्याची नाही.

पण नियमावल्या इथेच थांबतात, आणि माझं भांडण इथूनच सुरू होतं. ‘आपल्या लाइनवर राहा’ म्हणजे कोणत्या? प्रोटोटाइप वळणात उशिरा ब्रेक मारते, जीटी लवकर. वळणाच्या तोंडाशी जीटीने नेहमीच्या जागी ब्रेक मारला, म्हणजे नियम शंभर टक्के पाळला, तरी मागच्याच्या दृष्टीने ती अचानक थांबली. दोघंही आपापल्या लाइनवर आणि धडक निश्चित. सरळ पट्ट्यावरच ओलांडा, हा सल्लाही सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. काही वर्गांमध्ये सरळ पट्ट्यावरचा फरक थोडाच असतो आणि सगळा फायदा वळणात असतो. तिथे वळणात ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

खऱ्या ल मान्सने याची किंमत मोजली आहे. २०११ मध्ये ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या हळू वर्गातल्या फेरारींना ओलांडतानाच गेल्या: पहिल्याच तासात ॲलन मॅकनिश यांची, रात्री माइक रॉकनफेलर यांची. गाड्यांचे तुकडे झाले, माणसं वाचली. उरलेल्या एका ऑडीने शर्यत जिंकली, तीही जेमतेम १४ सेकंदांनी. पुढच्याच वर्षी अँथनी डेव्हिडसन यांची टोयोटा एका फेरारीला ओलांडताना हवेत उडाली आणि त्यांच्या पाठीचे दोन मणके मोडले. ते परतले आणि २०१४ मध्ये विश्वविजेतेही झाले. त्या फेरारीत हौशी ड्रायव्हर होता. हे मी त्याला दोष द्यायला सांगत नाही. या शर्यतींत ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा श्रेणी असतात, आणि जीटीच्या हौशी गटात ब्राँझ ड्रायव्हर घ्यावाच लागतो. म्हणजे हळू गाडीत बहुधा कमी अनुभवाचा माणूस, आणि सगळ्यात अवघड निर्णय क्षणात घ्यायचा तोही त्यानेच. रचनाच अशी असेल तर ‘दोष कुणाचा’ हा प्रश्न फार पुढे नेत नाही.

आयरेसिंगने दोषाचा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवला. तिथे पंच प्रत्येक धडक तपासत नाही. दोन गाड्या जोरात धडकल्या की दोघांच्याही खात्यात चार-चार इन्सिडंट पॉइंट. चूक कुणाचीही असो. नवख्यांना हे अन्यायाचं वाटतं, मला ते हुशारीचं वाटतं: वाद घालण्यापेक्षा धडक टाळणं स्वस्त पडतं. पण मोजमाप म्हणून बघा. त्यांचं सेफ्टी रेटिंग ढोबळमानाने दर इन्सिडंटमागे तुम्ही किती वळणं पार केली यावर चालतं. मोजणीचा आधार वळणं आहेत. माझ्यासारख्याचा धोका मात्र वळणांतून कमी आणि ओलांडण्यांतून जास्त येतो. एकाच वर्गाच्या शांत शर्यतीत शंभर वळणं घेणारा आणि दर दीड मिनिटाला ओलांडला जाणारा, दोघांची शंभर वळणं सारखीच धरली जातात. कुणाचंही रेटिंग वाचताना आधी मोजणीचा आधार काय आहे ते विचारा. प्रबंधात टक्केवारी लिहाल तेव्हाही हाच प्रश्न येणार आहे.

मी स्वतः काय केलं तेही सांगतो, कारण तिथेही फजितीच झाली. जुन्या शर्यतींचे रिप्ले काढून ओलांडण्या मोजायला बसलो. पहिल्या आठवड्यातच कळलं की मी सेव्ह केलेले सगळे रिप्ले धडकांचे होते. नीट झालेली ओलांडणी कोण जपून ठेवतो? त्या ढिगावरून मी ‘हळू गाडी सरकली की धडक होते’ असा निष्कर्ष काढणार होतो. सरकल्यावर सुखरूप झालेल्या शेकडो ओलांडण्या माझ्याकडे नव्हत्याच. मग पूर्ण शर्यतींचे रिप्ले घेतले आणि होस्टेलच्या रूममेटला सोबत बसवलं, दोघांनी वेगवेगळं नोंदवायचं ठरलं. ‘सरकली’ म्हणजे किती? अर्धी गाडी? एक फूट? आमचं एकाच क्लिपवर पटेना. तो स्वतः वेगवान वर्गात खेळतो, त्याला प्रत्येक हळू गाडी सरकलेलीच दिसत होती. शेवटी आम्ही ‘चूक’ हा रकानाच काढून टाकला आणि साधे रकाने केले: मागची गाडी किती सेकंदांवर असताना पुढचीने दिशा बदलली, आणि ब्रेक लागण्याआधी की नंतर. मोजणी अजून संपलेली नाही, त्यामुळे आकडे देत नाही.

तोवर एक मत मात्र बनलंय, आणि ते नियमावल्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. हळू गाडीने साइड द्यायला माझी हरकत नाही. द्यायची असेल तर मागचा लांब असताना, सरळ पट्ट्याच्या सुरुवातीला, इंडिकेटर किंवा डिपर दाखवून, एकदाच द्यावी. तो जवळ आल्यावर काहीच देऊ नये. आणि बाजूला सरकण्याऐवजी आहे त्या रेषेत थोडा ॲक्सिलरेटर सोडावा. मागच्याचं काम लवकर होतं आणि आपल्याही वळणाचं वाटोळं होत नाही, कारण दोन गाड्या शेजारी-शेजारी वळणात शिरल्या तर वेळ दोघांचाही जातो. वेगवान गाडीवाल्याने बाजू ठरवली की बदलू नये, आणि साडेचारशेपैकी एखाद्या ठिकाणी अर्धा सेकंद थांबायची तयारी ठेवावी. हे काही मी शोधलेलं नाही, जुने खेळाडू असंच चालवतात. फक्त ते नियमात लिहिलेलं नाही, कारण ‘आदर करा’ लिहिणं सोपं आणि ‘किती सेकंद आधी’ हे लिहायला मोजावं लागतं.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा तो रिप्ले बाबांना लॅपटॉपवर दाखवला, सावकाश, थांबवत-थांबवत. त्यांनी माझी गाडी सरकते तिथे बोट ठेवलं. “हा मांगून येऊनच रायला होता, तुले दिसत होता. मंग तू काहून हटला?” मी म्हटलं, साइड द्यायला. ते हसले, आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता विचारलं, “अन् मी हटलो तवा तो किती लांब असन?” मी विचारलं, लाइट आरशात एक दिसत होता की दोन वेगळे? त्यांनी डोळे मिटून आठवून बघितलं. दोन, म्हणाले.